बाहेर दाखवायचं नाही

आमच्या पक्षीमंडळाला वर्गणी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं आणि अध्यक्षही नव्हता. रविवारी सकाळी मेहरूण तलावाच्या काठी जमायचं, दोन तास पक्षी बघायचे, टपरीवरचा चहा घ्यायचा आणि घरी जायचं. नऊ-दहा माणसं होतो. नियम म्हणावा असा एकच होता, आणि तोही कुणी ठरवून केला नव्हता. मंडळातल्या माणसाचं काम मंडळातल्याच माणसानं करायचं. बाहेर दाखवायचं नाही.

सुरुवात नानांपासून झाली. नाना वरणगावला कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मेहरूणमध्ये दोन खोल्यांचं घर बांधलं आणि अंगणात पत्र्याखाली एक जुनं लेथ मशीन आणून बसवलं. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी धुळ्याला दिलेली. मंडळातले सगळ्यात वडील तेच. माझी दुर्बीण वडिलांच्या काळातली होती, तिच्यातून एकाचे दोन बगळे दिसायचे. नानांनी ती एका रविवारी नेली आणि पुढच्या रविवारी पंच्यात गुंडाळून परत आणली. मी डोळ्याला लावली तर बगळा एकच, आणि त्याच्या चोचीतला मासासुद्धा दिसत होता. काय द्यायचं असं मी विचारलं, तेव्हा म्हातारा खरोखर चिडला.

"मंडळमा असं इचारतस का माय?"

त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. मी तो चष्मा तिथल्या तिथे त्यांच्या नाकावरून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नवी फ्रेम घालून, नवा नंबर काढून दिला. माझं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. डोळे तपासून नंबर काढायचा डिप्लोमा मी केला आहे, तोही पहिल्या वर्गात. हे मी पूर्वी कुणी न विचारता सांगत असे.

मग ते वाढत गेलं. वकीलसाहेबांनी माझ्या दुकानाचा भाडेकरार नव्यानं करून दिला आणि घरमालकाला असं काही पत्र लिहिलं की तो पुन्हा दारात आला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचे दात काढले, भरले, बसवले. रावेरकडचे केळीवाले भाऊ म्हणायचे, आपल्याला कुठलीच विद्या येत नाही. पण सगळ्यांच्या अंगणातली झाडं तेच छाटायचे, आणि माझ्या गच्चीवर कढीलिंबाचं झाड त्यांच्याच हातचं आहे. आणि काहीही मोडलं की नाना. शिवणयंत्र, पाण्याची मोटर, दाराची बिजागरी. माझ्या दुकानातलं काचा घासायचं मशीन बंद पडलं, त्याचा भाग कंपनीनं बनवायचाच बंद केलेला. नानांनी तो लेथवर कातून आणला आणि बसवला. आजही तोच चालतो आहे.

मला हे फार आवडायचं. मी एकटी राहते. आई-वडील गेल्यावर घरात माझ्याशी भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. मंडळात मला मान होता. नानांपासून वकीलसाहेबांच्या सासूपर्यंत सगळ्यांच्या नाकावर माझा चष्मा होता, आणि रविवारी सगळे ओळीनं दुर्बिणी लावून उभे राहिले की मला आतून बरं वाटायचं. हे सगळे माझे, असं वाटायचं.

त्या नियमाला एक धारही होती. एकदा वकीलसाहेबांच्या बायकोनं नाशिकला बहिणीकडे असताना तिथंच दाढ भरून घेतली. इतकीच गोष्ट. पण डॉक्टरीणबाई महिनाभर तलावावर फिरकल्या नाहीत. शेवटी नाना त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले आणि दुखत नसलेला दात दाखवायला तोंड उघडलं, तेव्हा बाई हसल्या आणि परत आल्या. आम्ही वर्षभर ती गोष्ट एकमेकांना रंगवून सांगितली. हसता हसता सगळ्यांना कळून चुकलं होतं, की बाहेर दाखवणं म्हणजे आपल्या माणसाच्या तोंडावर मारणं आहे.

नानांची नजर काय होती ते सांगायला हवं. पलीकडच्या काठावर चिखलाच्या रंगाचा तुतवार चिखलात उभा असायचा. आम्ही दुर्बिणी लावून शोधत बसायचो, आणि नाना उघड्या डोळ्यांनी म्हणायचे, "तठे शे, बाभूळना खाले." कारखान्यात आयुष्यभर केसाएवढा फरक बघून काम केलेला माणूस. मला टिबुकली आणि बदकाचं पिल्लू यांतला फरक त्यांनीच शिकवला. पाण्यावर काहीही हललं की आधी नानांची मान वळायची, मग आमची.

मग ती मान वळेनाशी झाली. एकदम नाही. पहिल्यांदा नाना दुकानात आले ते वाचायचा त्रास होतो म्हणून. "वाचानं जरासं जड जास. नंबर बदली गया वाटस," म्हणाले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, समोर तक्ता लावला. खालची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी न अडखळता वाचली. जवळचा नंबर थोडा बदलला होता, मी काचा बदलून दिल्या. सहा महिन्यांनी पुन्हा आले, पुन्हा बदलून दिल्या. त्यानंतर चार महिन्यांतच तिसऱ्यांदा. दर वेळी दूरची खालची ओळ ते फाडफाड वाचायचे आणि मी म्हणायची, "नाना, या वयात असे डोळे कुणाचे नाहीत. फर्स्ट क्लास." ते खूश होऊन जायचे, आणि त्यांच्यापेक्षा मी जास्त खूश असायची.

तलावावर मात्र भलतंच चाललं होतं. बांधाची पायरी रोजची, तरी नाना तिच्यावर अडखळले. टपरीवर चहाचा ग्लास घ्यायला हात पुढे केला तो ग्लासाच्या बाजूनं गेला. डावीकडून कुणी बोललं की दचकायचे. पक्षी आता आम्हीच आधी बघायचो आणि त्यांना दाखवायचो. पण दाखवलं, की ते दुर्बीण लावायचे आणि क्षणात सांगायचे: थापट्या, मादी, पंखावर निळा पट्टा बघ. एकही चुकायचा नाही. दुर्बिणीत मधलं तेवढंच दिसतं आणि त्यांचं मधलं शाबूत होतं, हे आज मी एका वाक्यात लिहिते आहे. तेव्हा आम्ही त्यांची थट्टा करायचो. "नाना, लक्ष कुठे आहे? पलीकडच्या काठावर कुणी बघून ठेवली आहे की काय?" सगळ्यात जास्त थट्टा मी करायची, कारण माझी त्यांना चालायची.

आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातंय. दुकानात कुणी अनोळखी गिऱ्हाईक आलं, वय चाळिशीच्या पुढचं, आणि जवळचा नंबर सारखा बदलतोय म्हणालं, तर मी काचांना हातच लावत नाही. काउंटरवर एक छोटा चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो, त्यावर लिहून देते: आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या. प्रेशर मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि काचबिंदू ओळखणं हे माझं कामही नाही. पण त्याचा वास आला की माणसाला पुढे धाडणं हे माझं काम आहे, पहिल्या वर्षालाच शिकवतात. जामनेरहून आलेल्या एका बाईला मी असं धाडलं होतं. तिचे डोळे वाचले, आणि ती मला साडी घेऊन आली होती. अशी कितीतरी अनोळखी माणसं मी दारातूनच डॉक्टरकडे पाठवली. नानांना पाठवलं नाही. ते आपले होते, आणि आपल्या माणसाला बाहेर पाठवायचं नव्हतं.

केळीवाल्या भाऊंनी मला सांगितलं होतं. हिवाळ्यातली सकाळ होती, सगळे टपरीपाशी उभे होतो. शेकाट्यांचा थवा नानांच्या डाव्या बाजूनं अगदी जवळून उडत गेला आणि त्यांना तो दिसलाच नाही. भाऊ सरळ माणूस. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, नानाले एकदा डोयाच्या डॉक्टरले दाखवून घ्या ना."

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तापट आहे, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. पण तो राग नुसता स्वभावाचा नव्हता. कुणीतरी माझ्या डिप्लोम्यावर, माझ्या दुकानावर, रविवारच्या माझ्या मानावर बोट ठेवलं होतं. मी म्हणाले, "मग मी काय तिथे भाजी विकते का? तीन वेळा तपासलेत मी त्यांचे डोळे. तुम्ही केळी बघा, भाऊ."

डॉक्टरीणबाई चहाकडे बघत राहिल्या. नाना पुढे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मना डोयास्नी डॉक्टर हाई माय शे. आखो कोनले काय दखाडानं?" सगळे हसले, विषय संपला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. घरी जाताना मी गाणं गुणगुणत होते, तेही आठवतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नाना फ्रेमचा स्क्रू आवळायला दुकानात आले. मी आवळला आणि चष्म्याची डबी डाव्या बाजूनं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. समोर बघून बोलत राहिले. मी डबी हळूहळू पुढे आणत गेले, अगदी नाकासमोर आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण." तेव्हा मला कळलं. मला कळलं नव्हतं असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. इथे सांगत नाही.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा हाताशी होता. पण आता चिठ्ठी लिहायची म्हणजे भाऊ खरे ठरले असं मंडळासमोर कबूल करायचं. मी स्वतःला म्हटलं, हा हंगाम जाऊ दे, बदकं परत गेली की सांगू. मग उन्हाळ्यात वाटलं, ऊन फार आहे, म्हातारा माणूस आहे, पावसाळ्यात बघू. पावसाळ्यात मंडळ जमत नाही. मग पुन्हा हिवाळा आला, तोही गेला. या सगळ्यात मी त्यांना अजून एकदा काचा बदलून दिल्या. चांगल्यातल्या, महागातल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. नाना दर वर्षी स्वतः धुळ्याला जाऊन मुलीला घेऊन यायचे. त्या वर्षी गेले आणि बसस्टँडबाहेर रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली स्कूटर त्यांना दिसली नाही. हाडबीड मोडलं नाही, गुडघा सोलला. दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला. आवाज नेहमीचा, थट्टेखोर. "गुडघा दुखस माय. लेक काय सोडत नही. आते काही दिन आठेच."

गुडघ्यामुळे नाना काही दिवस धुळ्यालाच राहणार, असं मी मंडळात सांगितलं. सगळ्यांना खरं वाटलं. मला खरं वाटलं, कारण ते खरं असणं माझ्या सोयीचं होतं. दर आठ-दहा दिवसांनी फोन व्हायचा. गुडघा, जावई, धुळ्यातलं ऊन. डोळ्यांचं ते काढायचे नाहीत आणि मीही विचारायची नाही. पावसाळा संपत आला आणि डॉक्टरीणबाई कुठल्याशा लग्नाला धुळ्याला जाऊन आल्या. येताना नानांना भेटल्या. रविवारी टपरीपाशी त्यांनी सांगितलं, की नानांना काचबिंदू आहे. डावा डोळा पूर्ण गेला आहे, उजव्यात नळीतून बघावं एवढंच राहिलं आहे आणि तेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. औषध घालतात, ते आहे तेवढं टिकवण्यासाठी. गेलेलं परत येत नाही.

कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. भाऊंनी तर मुद्दाम तलावाकडे तोंड फिरवलं. ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. त्या माणसानं आजपर्यंत तो विषय काढलेला नाही. उलट त्याच आठवड्यात माझ्या गच्चीवरच्या झाडांना खत घालून गेले.

मी धुळ्याला गेले ती तीन आठवड्यांनी. लाज वाटत होती म्हणून लवकर गेले नाही. एसटीत पारोळ्यापर्यंत मी काय बोलायचं ते जुळवत होते, पुढे नुसती खिडकीबाहेर बघत बसले. देवपुरात मुलीचं घर सापडलं. दार तिनंच उघडलं. मला ओळखलं आणि आत घेतलं नाही, बाहेर आली, दार ओढून घेतलं. चाळिशीची, नानांसारखीच उंच.

"तुमचं चष्म्याचं दुकान आहे ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"त्यांच्या कॉलनीत डोळ्यांचं शिबिर झालं होतं, दीड वर्षापूर्वी. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना लिहून दिलं होतं, ताबडतोब दाखवा म्हणून. हे मला आत्ता कळलं. का नाही गेलात विचारलं, तर काय म्हणाले माहीत आहे? म्हणे, आमच्या अक्काला काय वाटेल. चार लोकांसमोर तिची शोभा होईल."

मी हिशेब केला. शिबिर म्हणजे माझ्या त्या भाजीच्या बोलण्यानंतर महिनाभरातलं. तेव्हा दोन्ही डोळे बरेच शाबूत असणार.

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कळलं होतं," मी म्हणाले.

मला वाटलं आता हाकलेल, आणि हाकलावं असंच वाटत होतं. पण तिनं डोळे पुसले, दार ढकललं आणि म्हणाली, "त्यांना सांगू नका. तुम्हाला ठाऊक नव्हतं याच्यावरच ते विसंबून बसलेत."

नाना खिडकीपाशी लोखंडी खाटेवर बसले होते. वाळले होते. नाकावर मी दिलेला शेवटचा चष्मा, काचा स्वच्छ पुसलेल्या. मी आवाज दिला तसा चेहरा उजळला. त्यांनी खाटेसमोरच्या खुर्चीकडे हात केला, मी बसले. त्यांनी मंडळातल्या एकेकाची चौकशी केली. माझं मशीन नीट चालतंय ना, आवाज करत असेल तर तेल कोणतं घालायचं, ते सांगितलं. हातावर हात चोळत होते, त्या हातांना काम नव्हतं. मी काय काय ठरवून आले होते. मला क्षमा करा म्हणणार होते. दाराबाहेर जे ऐकलं त्यानंतर तेही बोलता येईना. बोलले असते तर माझं मन हलकं झालं असतं, आणि त्यांनी ज्याच्यासाठी डोळे घालवले ते वाया गेलं असतं.

मला रडू फुटलं. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी उठले, अनवाणी पावलांनी खोलीच्या कोपऱ्यात माठ होता तिथे गेले आणि भिंतीकडे तोंड करून पदर तोंडात धरला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

माझ्या पाठीमागे नाना बोलतच होते. "तू जीवले काही लाई नको लेऊ माय. कडेनं जरासं कमी दिखस, बाकी बठ्ठं दिखस माले. हाई तू आते समोर बसेल शे, तुनं तोंड मी चांगलं देखी राहिनू."

मी वळून पाहिलं. ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होते.

मी पदरानं तोंड पुसलं आणि पाय न वाजवता परत जाऊन त्या खुर्चीवर बसले.